कंट्रोल कोणाकडे

उड्डाणाच्या शाळेत पहिल्याच दिवशी धाकट्याने थोरलीला ‘तुम्ही’ म्हटलं, आणि ती मनातून पार खचली.

तसं पाहिलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. तो तिथला शिक्षक होता, सगळ्या शिकाऊंना अहोजाहोच करायचा. “तुम्ही डावीकडे बसा, पट्टा घट्ट ओढा, मी सांगेपर्यंत कशालाही हात लावू नका,” असं त्याने तिला सांगितलं, तसंच ते त्याने आदल्या तासाला एका बँकवाल्याला सांगितलं होतं आणि पुढच्या तासाला एका दातांच्या डॉक्टरला सांगणार होता. पण बँकवाल्याने त्याला कडेवर घेऊन फिरवलं नव्हतं. त्याचं नाक पुसलं नव्हतं, त्याने फोडलेल्या बरणीचा आळ स्वतःवर घेतला नव्हता. हे सगळं थोरलीने केलं होतं, आणि आता तोच तिच्याकडे न बघता तिच्या खांद्यावरचा पट्टा तपासत होता. ‘ताई’ हा एवढासा शब्द, पण त्याच्या तोंडून तो गेल्याला आता बरेच महिने झाले होते.

त्या एका शब्दासाठी ती इथे आली होती. विमानाची हौस वगैरे सगळं थोतांड. पंचेचाळिशी ओलांडलेली, औषधांचं दुकान चालवणारी, जत्रेतल्या पाळण्यात बसली तरी डोळे गच्च मिटणारी बाई ती. पण आई गेल्यापासून धाकटा तिचा फोन उचलत नव्हता. घरी आलाच तर तिच्या नवऱ्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचा आणि चहा अर्धा टाकून निघून जायचा. मग तिला एक दिवस सुचलं, की शिकाऊ विमानात दोन माणसं कोपराला कोपर लावून बसतात, कानाला हेडफोन असतात, आणि तिथे गप्प बसून चालत नाही. नियमच आहे तसा. दुसरीकडे कुठे नाही तर तिथे तरी त्याला बोलावं लागेल. एवढ्या आशेवर तिने नाव घातलं.

नवऱ्याला तिने हौस म्हणूनच सांगितलं. बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी ज्याचे पाय लटपटतात असा तो गृहस्थ. त्याने पेपर खाली घेतला, तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, की हौस म्हणून लोक कुंड्यांत गुलाब लावतात. पण त्याने अडवलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर खरं कारण विचारावं लागत नाही.

वर्गात धाकट्याने सुरुवातीलाच एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसवली. विमानात दोघांपुढेही दांडा असतो, दोघेही उडवू शकतात. म्हणून आत्ता विमान कोणाच्या हातात आहे हे तोंडाने बोलायचं, आणि तेही तीनदा. देणाऱ्याने म्हणायचं, कंट्रोल तुमच्याकडे. घेणाऱ्याने म्हणायचं, कंट्रोल माझ्याकडे. मग देणाऱ्याने पुन्हा म्हणायचं, कंट्रोल तुमच्याकडे, आणि त्यानंतरच हात सोडायचा. मान हलवलेली चालणार नाही. ‘ठीक’ चालणार नाही.

“आणि ‘हं’ तर मुळीच नाही,” तो म्हणाला. “‘हं’ म्हणजे काहीच नाही. ऐकलं, असा त्याचा अर्थ होतो. घेतलं, असा नाही.”

बाकीचे लिहून घेत होते. थोरलीने मान वर केली, तर तो फळ्याकडे तोंड करून उभा होता, आणि पुसून झालेली जागाच पुन्हा पुसत होता.

कारण त्या ‘हं’नेच घरात घात केला होता.

आईला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू होत्या. ती आपल्या घरी एकटी राहायची, हट्टाने. ना लेकीकडे, ना लेकाकडे. या गोळ्यांचं एक असतं, की रक्त वरचेवर तपासत राहावं लागतं आणि त्याप्रमाणे गोळी कमीजास्त करावी लागते. आईला तपासणीला न्यायचं काम दोघांनी पाळीपाळीने वाटून घेतलं होतं. मग तिला ताप आला, शेजारच्या डॉक्टरने वेगळं औषध दिलं. अशा औषधाने रक्ताचा हिशेब बिघडतो हे थोरलीला ठाऊक होतं, तिचा धंदाच तो. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना तिने फोन खांद्यात धरून धाकट्याला सांगितलं, की या वेळी रक्त लवकर तपासायला हवं, बघशील ना. तो धावपट्टीच्या कडेला उभा होता, शेजारी कुणाचं तरी इंजिन सुरू होतं. तो म्हणाला, “हं.”

थोरली निर्धास्त झाली. तो नेतोय. तिकडे धाकट्याला वाटलं, ताई औषधातली, ती नेईलच. आपण नुसतं जाऊन बघून यायचं. तो गेलाही, आईशी पत्ते खेळून आला. आईचं तर विचारूच नका, तिला सुईची भीती लहान मुलासारखी. या खेपेला कुणीच न्यायला आलं नाही म्हणून ती खूश होती, आणि आपणहून आठवण करून देण्याइतकी भोळी नव्हती. मग रक्त नको तेवढं पातळ होऊन तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं हाताबाहेर गेलं होतं.

दवाखान्याच्या बोळकांडीत, चार नातेवाइकांसमोर, थोरली त्याला म्हणाली, “तुझ्याकडे होती ती.”

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. धाकट्याने तोंड उघडलं आणि मिटलं. ते तिच्यापुरतं मिटलं ते मिटलंच. तो तिथेही रडला नाही, नंतरही नाही. कागदपत्रं केली, फोन केले, भाड्याने आणलेली चाकांची खुर्ची परत नेऊन दिली. नातेवाईक म्हणाले, पोरगा किती खंबीर आहे. थोरलीला मात्र त्याच्या खंबीरपणाने धडकी भरली. पेन्सिलीचं टोक मोडलं तरी भोकाड पसरणारा पोरगा तो. त्याचं रडणं कुठे गेलं आणि कोणी बंद केलं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

शिकणं मात्र शिकण्यासारखंच चाललं, म्हणजे रडतखडत. विमानाचा पंख तिच्या डोक्याच्या बरोबर उंचीला यायचा आणि ती रोज त्यावर आपटायची. ज्याला सगळे ‘पाना’ म्हणत, तो तिथला मेकॅनिक दरवेळी आधी पंखावरून हात फिरवायचा आणि मग तिला विचारायचा, मावशी, लागलं का. रेडिओवर विमानतळाच्या टॉवरशी बोलताना तिची दुकानातली सवय आड यायची. एकदा टॉवरने हाक मारल्यावर तिच्या तोंडून सरळ “बोला, काय देऊ?” असं निघून गेलं, आणि तो किस्सा आठवडाभर सगळ्या शाळेत फिरला. उतरणं तर विचारूच नये. ती विमान उतरवायची नाही, टाकायची. धाकट्याचे दात एकमेकांवर आपटल्याचं तिला हेडफोनमधून ऐकू यायचं. पण तो कधी चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, कारण चिडला की तो लहानपणापासून तिला नावाने हाक मारायचा.

तिची अडचण अशी, की ‘सर’ म्हणायला जीभ वळत नव्हती आणि ‘अरे’ म्हणायची सोय राहिली नव्हती. ती आपली कर्ता गाळून वाक्यं करायची. आता वळायचं का, इथून खाली घ्यायचं का. फक्त कंट्रोल देताना पळवाट नव्हती. तिथे तिला आपल्या धाकट्या भावाला ‘तुमच्याकडे’ म्हणावंच लागायचं, आणि तोही तेवढ्याच थंडपणे ‘माझ्याकडे’ म्हणायचा. दिवसभरात दोघांत झालेलं सरळ बोलणं ते तेवढंच.

सरावाच्या भागाकडे जाताना विमान आईच्या घरावरून जायचं. चौथ्या मजल्यावरची मोकळी गच्ची, कोपऱ्यात पाण्याची टाकी. आई होती तेव्हा धाकट्याचं उड्डाण असलं, की ती गच्चीत पिवळी चादर वाळत घालायची. धुतलेली असो वा नसो. आणि तो वरून विमानाचे पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवायचा. बघ, ओळखलं मला, असं सांगत आई ते सगळ्या मजल्यांवर जाऊन कौतुकाने ऐकवायची. आता तो टप्पा आला, की धाकटा समोरच्या घड्याळांत डोकं घालायचा आणि थोरलीला तेलाचा दाब वाचायला सांगायचा. तेलाचा दाब रोज ठीकच असायचा.

असं करत करत ती बऱ्यापैकी उडवायला लागली, आणि मग तो वाऱ्याचा दिवस आला.

वारा आडवा होता, धावपट्टीवरून सरकवून लावणारा. धाकट्याने विचारलं, उतरवाल का, आणि ती हो म्हणाली. कंट्रोल रीतसर तिच्याकडे आलं. विमान खाली येत होतं, डोलत होतं. तेवढ्यात समोरच्या काचेवर वाफ धरली म्हणून धाकट्याने फडकं घेऊन हात पुढे केला. त्याची बाही तिच्या मनगटाला घासली. फक्त बाही. पण तिच्या मनाने घेतलं, की त्याने कंट्रोल घेतलं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तिने दोन्ही हात अलगद मांडीवर ठेवले.

काही क्षण ते विमान कोणाच्याच हातात नव्हतं. दोघे शेजारी शेजारी शांत बसले होते. तो काच पुसत होता आणि ती सुटकेचा श्वास टाकत होती. मग वाऱ्याने डावा पंख उचलला, जमीन तिरकी झाली, आणि धाकट्याने वळून तिच्या मांडीवरचे हात पाहिले.

“कंट्रोल माझ्याकडे,” तो म्हणाला, आणि इंजिनाला पूर्ण ताकद देऊन त्याने विमान वर काढलं. थोडक्यात निभावलं. फेरी मारून त्यानेच ते खाली आणलं, जागेवर उभं केलं, इंजिन बंद केलं. पंखा थांबला तरी दोघे पट्टे न सोडता बसून राहिले.

“मी घेतो म्हणालो होतो का?”

“नाही.”

“मग हात का सोडलेस?”

‘सोडलेस’ म्हणाला. एवढ्या भीतीतही तिने ते ऐकलं.

“तू होतास ना शेजारी,” ती म्हणाली. “तू आहेस म्हटल्यावर पडणार नाही, असंच वाटतं मला. आधीपासून तसंच वाटतं.”

त्याने वाकून पायाशी पडलेलं फडकं उचललं.

“मलाही तसंच वाटलं होतं,” तो म्हणाला. “ताई आहे म्हटल्यावर.”

ते विमानाबद्दल नव्हतं, हे दोघांनाही कळलं. पण ‘ताई’ तो तिला उद्देशून म्हणाला नव्हता. कुणा तिसऱ्याविषयी बोलावं, एखाद्या गेलेल्या माणसाविषयी बोलावं, तसं म्हणाला होता. त्या दिवशी दवाखान्यात मी जे बोलले ते, असं काहीतरी ती बोलू गेली. पण त्याने हात वर करून तिला थांबवलं, आणि म्हणाला, “उतरा आता.”

दुसऱ्या दिवशी पान्याकडून तिला कळलं, की तिचं पुढचं शिक्षण शाळेत शिकवणाऱ्या दुसऱ्या बाईंकडे दिलंय. ती तडक धाकट्याकडे गेली. तो हँगरच्या दाराशी उभा होता. म्हणाला, “तुम्ही माझ्या शेजारी बसलात की हात सोडता. माझ्याजवळ तुम्ही पायलट होणार नाही.”

ते खरं होतं. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती त्याच्या शेजारची खुर्चीच गेली. घरी येऊन ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पोटभर रडली. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, की सोड आता, झालं तेवढं पुरे. तिलाही तसंच वाटत होतं. पण ‘सोड’ हा शब्द ऐकला आणि तिचं डोकंच फिरलं. सोडणंच तर झालं होतं आजवर. एकदा तरी काहीतरी शेवटपर्यंत आपल्या हातांत धरून ठेवायचं, असं तिने ठरवलं आणि दुसऱ्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

बाई खाष्ट होत्या. थोरलीने जरा त्यांच्याकडे बघितलं, की म्हणायच्या, माझ्याकडे काय बघता, मी काय देवघर आहे? बाईंच्या धाकाने तिचे हात दांड्यावरून हलेनासे झाले. मग एका शांत सकाळी बाई चालत्या इंजिनातून खाली उतरल्या, दार लावून घेतलं आणि जा म्हणून खूण केली. शेजारची खुर्ची रिकामी. त्या खुर्चीकडे बघून तिला रडू आलं, पण रडायला सवड नव्हती. ‘कंट्रोल माझ्याकडे,’ असं ती कुणी नसताना मोठ्याने म्हणाली, एक फेरी मारली आणि विमान खाली आणलं. टाकलं नाही, उतरवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटा तिथे नव्हता. पान्याने नंतर हळूच सांगितलं, की सर हँगरमागे उभे होते, चाकं टेकेपर्यंत बघत होते, आणि टेकल्यावर आत निघून गेले.

लेखी परीक्षा झाल्या, लांबच्या गावी एकटीने जाऊन येणं झालं, शेवटी परीक्षकाला शेजारी बसवून कसोटी झाली. परवाना हातात आला तेव्हा नवऱ्याने फ्रेम करून आणतो म्हटलं. तिने तो पर्समध्ये टाकला आणि धाकट्याकडे गेली.

“आता मला शेजारी माणूस बसवायची परवानगी आहे,” ती म्हणाली. “येशील?”

त्याने वर्ग आहे म्हटलं. ती म्हणाली, थांबते. वारा वाढेल म्हटलं. ती म्हणाली, वाऱ्यातच शिकलेय. पाना चाकाशी बसून सगळं ऐकत होता. तो मान खाली घालूनच पुटपुटला, की तुमच्या जागी मी असतो तर गेलो असतो, सर. धाकटा उजव्या खुर्चीत जाऊन बसला.

सवयीने त्याचे हात दांड्याकडे गेले. “हात मांडीवर,” ती म्हणाली. त्याने ठेवले. तिने नियमाप्रमाणे म्हटलं, “कंट्रोल माझ्याकडे.” त्यानेही नियमाप्रमाणेच उत्तर दिलं, “कंट्रोल तुमच्याकडे.”

ती जमिनीवरून अलगद निघाली. तो घड्याळांकडे बघत नव्हता, कुठे हात ठेवावेत हे न कळलेल्या पाहुण्यासारखा बसला होता. शाळेत शिक्षक झाल्यापासून विमानात त्याला काही काम नाही असं कधी झालंच नसावं. तिने विमान आईच्या घराकडे वळवलं. तेलाचा दाब त्याने विचारला नाही.

गच्ची दिसायला लागली. पाण्याची टाकी तीच होती, पण दोरीवर दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते, लहान मुलाचे असावेत. पिवळं काहीच नव्हतं. धाकटा काचेला कपाळ लावून बघत होता.

“पंख हलवू?” तिने विचारलं.

“नको,” तो म्हणाला. “आता कोण आहे तिथे.”

हे आत्ता बोललं नाही तर कधीच बोलता येणार नाही, हे तिला कळत होतं. समोर बघतच ती बोलली.

“आई एकट्या तुझ्याकडे नव्हती रे. आपल्या दोघांकडे होती. आणि दोघांनाही वाटलं, दुसऱ्याने धरलंय. मी सगळं तुझ्या एकट्याच्या माथी मारलं. फार वाईट वागले मी.”

हेडफोनमध्ये नुसती खरखर येत होती. त्याने ऐकलं की नाही, तेच तिला कळेना. गच्ची पंखाखाली गेली. तिने विमान वळवून पुन्हा घरावर आणलं.

“आहे ना तुझ्याकडे?” त्याने विचारलं.

“काय?”

“विमान.”

“हं.”

“असं नाही. नीट सांग.”

“कंट्रोल माझ्याकडे,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की. माझ्याकडे आहे.”

“कंट्रोल तुझ्याकडे, ताई,” तो म्हणाला. मग त्याने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले, चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि पुढे वाकला.

इंजिनाच्या आवाजात त्याचं रडणं तिला ऐकू आलं नाही. नुसती पाठ दिसत होती, लहानपणी दिसायची तशी, हुंदक्यांनी वरखाली होणारी. त्या पाठीवर हात ठेवावा असं तिला फार वाटलं, इतकं की बोटं दुखायला लागली. पण तिने हात सोडला नाही. उंची ढळू दिली नाही, आणि त्याचं रडून होईपर्यंत ती आईच्या घरावर विमान गोल फिरवत राहिली.